कळसूबाई, दोघं आणि एकच सॅक: एका चुकामुकीचा अभ्यास

हे प्रकरण अपघाताचं नाही. डोंबिवलीचं एक जोडपं, तो ५१ वर्षांचा आणि ती ४८ची, ऑक्टोबरातल्या एका रविवारी कळसूबाईला गेलं आणि त्याच रात्री घरी परतलं. तो जरा लंगडत होता, एवढंच. पण मधले तीन तास दोघांना एकमेकांचा ठावठिकाणा नव्हता, आणि त्या तीन तासांत दोघांनीही मनातल्या मनात नको ते सगळं पाहून घेतलं. दोघंही आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या जुन्या ओळखीतली. हकीकत मला दोघांकडून वेगवेगळी ऐकायला मिळाली. ती त्यांच्या परवानगीने, नावं न देता मांडतो आहे.

मला यात रस आहे तो एका वाक्यामुळे. ‘तू जाऊन ये वर, मी इथेच बसते.’ डोंगरात दोघंच असताना हे वाक्य बहुतेक वेळा प्रेमाने बोललं जातं आणि प्रेमानेच ऐकलं जातं. म्हणूनच त्यातली भानगड कुणाच्या लक्षात येत नाही.

डोंगर

कळसूबाई १६४६ मीटर उंच, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. शिखर अकोले तालुक्याच्या हद्दीवर, पलीकडे इगतपुरी तालुका. घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं बारी हे नेहमीचं पायथ्याचं गाव. तिथून माथ्यापर्यंत एका बाजूने सहा-साडेसहा किलोमीटर चाल आणि ९०० मीटरच्या आसपास चढ. आतकरवाडीतून सिंहगड चढणाऱ्यांनी त्याच्या दीडपट धरावं.

अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत, कठडे आहेत, वाटेवर लिंबू सरबत आणि भज्यांच्या टपऱ्या आहेत. नवरात्रात आसपासच्या गावांतल्या आज्या अनवाणी चढून देवीला जातात. या सगळ्यामुळे कळसूबाई ‘सोपी’ अशी ख्याती झाली आहे. शिड्यांनी कातळ सोपा केला हे खरं, पण ९०० मीटर जिथल्या तिथेच आहेत. आणि त्या आज्या पहाटे निघतात, हे सांगायचं नेहमी राहून जातं.

घटनाक्रम

दोघं कॉलेजच्या वयात सह्याद्रीत बऱ्यापैकी हिंडलेली. रतनगड, हरिश्चंद्रगड वगैरे. मग नोकऱ्या, मुलं, लोकल. आता मुलगी शिकायला बाहेर गेल्यावर ‘पुन्हा सुरू करू या’ म्हणून पहिलाच बेत कळसूबाईचा. तो सुट्टीच्या दिवशी सायकल चालवतो. ती रोज सकाळी सोसायटीतल्या मैत्रिणींबरोबर तासभर चालते, अर्थात सपाटीवर.

सहाला गाडी काढली. शहापूरच्या पुढे नाश्ता, कसारा घाटात रविवारची गर्दी, बारीला पोचेपर्यंत दहाला दहा कमी. गाडी लावून, बूट आवळून चालायला लागले तेव्हा दहा वीस. सॅक एकच, त्याच्या पाठीवर. तीन लिटर पाणी, डबा, हेडटॉर्च, औषधांचा बटवा, तिचं पाकीट, गाडीची किल्ली, सगळं त्यात. तिच्याकडे फोन, तोही गाडीत गाणी वाजवून अर्ध्यावर आलेला.

पहिल्या शिडीपाशी पोचायला बारा वाजत आले. ऑक्टोबरचं ऊन, वारा पडलेला, पावसाने भिजलेल्या जमिनीतून वर येणारी वाफ. तिथून पुढे ती दर पन्नास पावलांवर थांबायला लागली. सव्वाच्या सुमारास, वरच्या टप्प्यातल्या एका टपरीपाशी, तिच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि मळमळायला लागलं. टपरीवाल्या मावशींनी बाकावरची पोती बाजूला करून तिला आडवं केलं. तिने बटव्यातली ओआरएसची पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतून घेतली आणि पंधरा मिनिटांनी ते वाक्य बोलली.

तो दीडला निघाला. ‘पाऊण तासात आलोच’ म्हणाला, असं ती सांगते. तो म्हणतो, मी ‘तासाभरात’ म्हणालो होतो. ती ‘इथेच बसते’ म्हणाली यावर मात्र दोघांचं एकमत आहे.

वर शेवटच्या शिडीला रांग. दोन मोठे ग्रुप, एक वर जाणारा, एक खाली येणारा, आणि शिडी एक. माथ्यावर पोचायला त्याला दोन चाळीस झाले. दर्शन घेतलं, अलंग-मदन-कुलंगचा आणि भंडारदऱ्याच्या जलाशयाचा व्हिडिओ तिच्यासाठी काढला, तीन वाजून गेल्यावर उतरायला लागला. पुन्हा रांग. टपरीपाशी आला तेव्हा चार वाजले होते. टपरीवर निळी ताडपत्री बांधलेली. बाक रिकामा. मावशी नाहीत, ती नाही.

तिचं इकडे काय झालं होतं? अडीचपर्यंत ती स्वस्थ होती. मीठ घातलेलं सरबत, सावली, पाय वर करून पडणं, याने तिला बरंच बरं वाटलं. मग घड्याळाकडे लक्ष जायला लागलं. त्याला फोन लावून पाहिला. तिच्या फोनला तिथे रेंज नव्हती. सव्वातीनला मावशींचा माल संपला. त्या आवराआवर करत म्हणाल्या, ‘ताई, तोंड पार उतरलंय तुमचं. एकल्या नका बसू हितं. चला माझ्यासंगं, दादा येतील मागून.’ ती निघाली. दहा मिनिटं उतरल्यावर पुढची टपरी लागली. तिथल्या मुलाला तिने सांगितलं की उंच गृहस्थ, निळी टोपी, त्यांना सांग मी बारीला मावशींच्या घरी आहे.

आता त्याच्या जागी उभं राहून पाहा. पाणी, पाकीट, किल्ली, सगळं माझ्याकडे. ती माझ्याशिवाय खाली जाणारच नाही. मग ती बरं वाटल्यावर वर माझ्याकडे आली असणार आणि शिडीच्या गर्दीत आमची चुकामूक झाली असणार. तर्क चोख होता आणि सपशेल चुकीचा. तो उलटा फिरला, वाटेवरच्या विहिरीपर्यंत चढला, शेवटच्या शिडीच्या रांगेत माणसं पाहिली, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारलं. व्हिडिओ काढून थकलेला फोन साडेचारला बंद पडला. पॉवरबँक गाडीत होती. पाचला तो पुन्हा बंद टपरीपाशी, सव्वापाचला पुढच्या टपरीपाशी. तोवर तो मुलगाही आवरून गेला होता. निरोप त्याच्याबरोबर खाली गेला.

ऑक्टोबरच्या मध्यावर इथे सहा वाजून गेले की दहा-एक मिनिटांत सूर्य मावळतो. कोजागरी उलटून गेलेली, चंद्र उशिरा उगवणार. हेडटॉर्च होती म्हणून तो उतरू शकला, पण घाईत. सात वाजायला वीस मिनिटं असताना, गावाजवळच्या शेतांच्या अलीकडे, सुट्ट्या दगडावर पाय पडून घोटा मुरगळला.

ती पावणेपाचलाच बारीत पोचली होती. गावात रेंज होती. त्याचा फोन बंद येत होता. तिने सहापर्यंत वाट पाहिली आणि मग मावशींच्या मुलाला सांगितलं. तो आणि त्याचा मित्र बॅटऱ्या घेऊन सव्वासहाला वर निघाले आणि अर्ध्या तासात त्यांना हा एका बांधावर घोटा धरून बसलेला सापडला. सव्वासातला दोघं मावशींच्या अंगणात भेटली. पहिली पाच मिनिटं काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलेलं नाही, आणि मी विचारलं नाही.

तिला नेमकं काय झालं होतं

उन्हाने येणारा थकवा. घाम येत होता, बोलणं सुसंगत होतं, चक्कर नव्हती. गोळे, मळमळ आणि जड डोकं एवढंच. सावली, विश्रांती आणि मीठ-पाणी यांनी ते आटोक्यात यायला हवं होतं, तसं आलं. याच्या पुढची पायरी म्हणजे उष्माघात. बोलणं असंबद्ध, तोल जाणं, शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर. तिथे वाट पाहत बसायचं नसतं. अंगावर पाणी ओतून वारा घालायचा, ११२ला फोन करायचा आणि माणूस खाली न्यायची सोय बघायची.

पाण्याचा हिशेब सुरुवातीपासूनच तोकडा होता. उन्हातल्या चढावर ताशी अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. दोघांचे तीन तास धरले तर तीन लिटर ही कमीत कमी गरज, आणि ती फक्त चढताना. वाटेत सरबत मिळतं हे खरं, पण सरबताच्या टपरीवर विसंबून केलेला हिशेब मावशींचा माल संपेपर्यंतच टिकतो.

ओआरएसच्या पुडीची गंमत बऱ्याच सॅकमध्ये दडलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची मोठी पुडी २०.५ ग्रॅमची असते आणि ती एक लिटर पाण्यात विरघळवायची असते. बाजारात चार-साडेचार ग्रॅमची छोटी पुडीही मिळते, ती २०० मिलीची. हिने मोठी पुडी अर्ध्या लिटरमध्ये घातली, ‘लवकर असर व्हावा’ म्हणून. इतकं दाट द्रावण उलट आतड्यात पाणी ओढून घेतं आणि मळमळ वाढवतं. पहिली पंधरा मिनिटं तिला आणखी वाईट वाटलं ते बहुधा यामुळेच. मावशींचं पातळ, खारट सरबत जास्त कामाला आलं.

आणि तिसरी गोष्ट, जी मला महिन्याभराने कळली. तिला तीन वर्षांपासून रक्तदाब आहे आणि सकाळच्या गोळीत टेल्मिसार्टनबरोबर हायड्रोक्लोरोथायझाइड आहे. हा दुसरा घटक लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढतो. त्याचं कामच ते आहे. रोजच्या आयुष्यात ठीक, पण त्याच दिवशी घामावाटेही तेच जात असेल तर शरीराची तूट दोन्ही बाजूंनी वाढते. गोळी आपल्या मनाने बंद करणं हा यावरचा उपाय नव्हे. डॉक्टरांना आधी ‘अमुक दिवशी उन्हात चढणार आहे’ असं विचारणं, हा आहे. त्याला ती बीपीची गोळी घेते एवढं माहीत होतं. गोळीत काय आहे हे तिलाही माहीत नव्हतं.

वेळेचं गणित

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा अजून उपयोगी पडतो. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. कळसूबाईला लावला तर पावणेतीन तासांच्या आसपास येतं, तेही न थांबता, धडधाकट माणसाला. सह्याद्रीच्या उन्हात, वीस वर्षांच्या खंडानंतर, त्यात तासभर तरी मिळवायला हवा. दहा वीसला निघालेल्या या जोडप्याने दोनच्या आधी माथा गाठण्याची आशाच धरायला नको होती.

तरीही सव्वाला, टपरीपाशी, दिवस हातचा गेला नव्हता. वर जायला तास, खाली यायला अडीच-तीन तास. अंधारापूर्वी बारी गाठता येत होती. त्यामुळे ‘उशिरा निघाले म्हणून सगळं बिघडलं’ हे आमच्या ग्रुपमधल्या काहींचं मत मला पटत नाही. उशिरामुळे हातातली शिल्लक कमी झाली. ती उधळली गेली ती दीड वाजता.

‘पाऊण तासात’ किंवा ‘तासाभरात’, काहीही धरा, आकडा चुकीचाच होता. त्या जागेवरून माथा रांग नसताना पाऊण तासावर, म्हणजे जाऊन-येऊन दीड तास. कुणीही खोटं बोललं नाही. बायकोला एकटं सोडून जाताना माणूस वेळ कमीच सांगतो, आणि आपण सांगितलेल्या वेळेवर स्वतःही विश्वास ठेवतो.

‘तू जाऊन ये’

बरेच लीडर इथे एका ओळीत निकाल देतील: एकमेकांना सोडायचं नाही, कधीच नाही. पंधरा जणांच्या ग्रुपला हा नियम चालतो, कारण आजारी माणसाबरोबर थांबायला दुसरा कुणीतरी असतो. दोघांच्या ट्रेकमध्ये या नियमाचा अर्थ एकच होतो, की एकाला त्रास झाला तर दोघांनी परत फिरायचं. नियम म्हणून उत्तम. पण कोणतंही जोडपं तो पाळत नाही, कारण ज्याला त्रास होतोय त्यालाच दुसऱ्याचा दिवस वाया घालवल्याची टोचणी लागते. ती ‘जाऊन ये’ म्हणाली ते त्या टोचणीपोटी, हे तिने मला स्पष्ट सांगितलं. त्याला खरं तर थांबायचं होतं. पण ‘मी थांबलो तर तिला आणखी वाईट वाटेल’ म्हणून तो गेला. दोघांनी एकमेकांसाठी, दोघांनाही नको असलेला निर्णय घेतला.

माझ्या मते त्या घडीला सर्वांत चांगला पर्याय होता चाळीस मिनिटं दोघांनी बसण्याचा. दोन वाजता ती उठून नीट चालते का पाहायचं. चालत असेल तर सावकाश वर, आणि तीन वाजता जिथे असू तिथून मागे. नसेल तर दोघं खाली, उजेड असताना, रमतगमत. रविवारच्या रांगेत दुसरी शक्यता जास्त होती हे कबूल.

पण वेगळं होणं हा गुन्हा नव्हता. टपरी होती, सावली होती, शहाणी बाई सोबतीला होती. भर जंगलातल्या आडवाटेची ही गोष्ट नव्हे. वेगळं होताना बोलायला हवं होतं ते बोललं गेलं नाही, इतकंच. ‘किती वेळात येशील’ या प्रश्नाला डोंगरात फारसा अर्थ नसतो. ‘किती वाजता वळशील’ याला असतो. अडीच वाजता शिडीच्या रांगेत असलो तर रांगेतूनच मागे, असं ठरलं असतं तर तो सव्वातीनच्या आत टपरीवर असता आणि हे लिहायची वेळ आली नसती.

दुसरं, सामानाची वाटणी. सॅक त्याच्याकडे राहिली ती सवयीने. बसणाऱ्या माणसाला पाणी, औषधं, थोडे पैसे आणि टॉर्च लागते. वर तासाभरासाठी जाणाऱ्याला एक बाटली आणि टॉर्च पुरते. इथे सगळं उलटं झालं, आणि त्या उलटेपणातून पुढचा चुकीचा तर्क जन्मला. ‘सगळं माझ्याकडे आहे, म्हणजे ती खाली जाणार नाही.’ तिच्याकडे किल्ली असती तर तो चारला सरळ खाली गेला असता.

तिसरं, ‘इथेच’चा शेवट कुठे होतो ते. बसलेल्या माणसालाही उठावं लागू शकतं. तसं झालं तर कुठे भेटायचं? उत्तर सोपं होतं: गाडीपाशी. ते दोघांनी मोठ्याने म्हटलेलं नव्हतं.

निरोप आणि शोध

निरोप देण्यात तिचं काय चुकलं हे मला बरेच दिवस लक्षात आलं नव्हतं. तिने तर जबाबदारीने निरोप ठेवला होता. पण ठेवला तो जागेच्या दहा मिनिटं खाली, आणि तो येणार होता वरून. त्याला निरोप हवा होता तो त्याच बाकावर. ताडपत्रीच्या दोरीत खोचलेली चिठ्ठी, नाहीतर तिची ओढणी खांबाला बांधून ठेवली असती तरी ‘गेली, स्वतःहून गेली’ एवढं त्याला कळलं असतं. किंवा वर चढणाऱ्या एखाद्या पोराला सांगायचं, ‘निळी टोपी दिसली की सांग.’ रविवारी ती वाट इतकी वाहती असते की निरोप अर्ध्या तासात शिडीच्या रांगेत पोचतो.

त्याच्या बाजूने पाहिलं तर एक गोष्ट ठळक दिसते. त्याने चौकशी केली ती ट्रेकर्सकडे, म्हणजे त्याच्याइतक्याच परक्या लोकांकडे. कळसूबाईवरची बित्तंबातमी टपऱ्यांवर असते. कोण दमलंय, कोण रडतंय, कोणाची बायको कोणाबरोबर खाली गेली, सगळं. आणि ती बातमी संध्याकाळी गावाकडे उतरते, कारण ती सांगणारी माणसं घरी निघालेली असतात. चारला तो दहा मिनिटं खाली गेला असता तर तो मुलगा तिथेच होता. चढून जाण्यात त्याने जो तास घालवला, तो अंधाराच्या हिशेबातून वजा झाला आणि घोट्याच्या नावावर जमा झाला.

तिने गावात गेल्यावर केलेलं मात्र सगळं बरोबर होतं. ती एकटी परत वर निघाली नाही. किती वाजेपर्यंत वाट पाहायची हे ठरवलं, आणि ती वेळ होताच वाट माहीत असलेल्या माणसांना सांगितलं. तो सातपर्यंत सापडला नसता तर ११२ आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर यांना कळवायचं, असं तिने मावशींच्या मुलाशी बोलून ठेवलं होतं. त्या दिवशी ट्रेक लीडर कुणी असेल तर ती होती.

नंतर

घोट्याला हाड मोडलेलं नव्हतं. तीन आठवडे पट्टी. तिच्या डॉक्टरांनी गोळी बदलली नाही, पण ऑक्टोबर आणि मे-जूनमधले दुपारचे चढ टाळायला सांगितले. जानेवारीत एका गुरुवारी दोघं पुन्हा गेली. आदल्या रात्री बारीतच मुक्काम, उजाडताच चढाई, दोन सॅक, दोन टॉर्च, किल्ली तिच्याकडे. बारा वाजता वळायचं ठरलं होतं. सव्वादहालाच माथ्यावर होती.

आमच्या ग्रुपच्या नोंदणी फॉर्मवर ‘काही आजार?’ असा रकाना पूर्वीपासून आहे. त्याखाली ‘रोजच्या गोळ्यांची नावं’ हा रकाना यानंतर घातला, आणि जोडप्यांनी एकमेकांचा भरायचा अशी अट. पहिल्याच ट्रेकच्या आदल्या रात्री निम्म्या लोकांचे फोन आले, गोळीच्या पाकिटावरचं कोणतं नाव लिहायचं, कंपनीचं की औषधाचं? औषधाचं. कंपनीचं नाव कंपनीगणिक बदलतं.